मावशीनं वाचलेलं पत्र

“हे मी लिहिलेलंच नाही,” मॅडम म्हणाल्या.

मावशी तेव्हा पत्र वाचत होती. कागद तिच्या हातात होता, माझा चष्मा तिच्या नाकावर होता आणि तोंड चालू होतं. ती थांबली. भाभीनं टीव्हीचा आवाज आधीच घालवला होता, त्यामुळे खोलीत पंखा तेवढा ऐकू येत होता.

“मावशी, यातला एकही शब्द माझा नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी एवढ्या विश्वासानं लिहिलं आणि तुम्ही माझी नक्कल करताय.”

मावशीनं चष्मा काढला. काड्या मिटल्या आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. मग आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, पण मान खाली न घालता ती म्हणाली, “मना वाचाला येत नाय.”

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी मोबाइलवर सगळं शूट करत होती. तिनं मोबाइल पालथा ठेवला. मावशी उठली. कागदाची घडी करून तिनं कमरेला खोचली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि गेली. दार आपटलं नाही, नीट ओढून घेतलं.

मी तिला बावीस वर्षं ओळखत होते आणि मला हे माहीत नव्हतं. मी स्वतःला हुशार समजत होते, म्हणून हे आधी लिहून टाकते.

आम्ही पाच जणी होतो. कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीतल्या चौघी, आणि मावशी रस्ता ओलांडून पलीकडच्या बोनकोडे गावातली. मी मूळची साताऱ्याकडची, चौथी पास. आमचे मालक बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात होते म्हणून मी इथं आले. ते गेले, मी राहिले. मॅडम बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांना सगळी सोसायटी मॅडमच म्हणते, वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत. भाभी उरणकडची, तिच्या मिस्टरांचं लाकडाचं दुकान. तिच्याकडे भिंतभर टीव्ही, म्हणून जमायचं तिच्याकडे. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणजे लग्न झालेली बाई, पण आमच्यापुढे मुलगीच. ती घरून काम करते आणि चार वाजता तिला एक तासाची सुट्टी असते.

मावशी पूर्वी आमच्या गेटवर मासळी विकायला यायची. खाडीच्या चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी. मासळीवालीला सगळे मावशी म्हणतात, म्हणून तीही मावशी. वयानं ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. पुढं तिच्या मुलानं ट्रेलर घेतले, जासईकडे कंटेनरच्या कामाला लावले, गावात चार मजली घर बांधलं आणि आईला सांगितलं, आता टोपली उचलायची नाही. तिनं टोपली सोडली. यायची सवय सुटली नाही. पहिला महिनाभर ती ठरलेल्या वेळेला नुसती रिकाम्या हातानं गेटपाशी येऊन उभी राहायची. मीच एक दिवस म्हटलं, इथं उभी राहून काय करतेस, वर ये.

वर आली तेव्हा आम्ही तो कार्यक्रम बघत होतो. माणसांना एका घरात कोंडतात, बाहेरचं काही कळू देत नाहीत, रोज काहीतरी काम लावतात, ती भांडतात आणि दर आठवड्याला एकाला घालवतात. शेवटी उरतो तो जिंकतो. रात्री दाखवतात, पण रात्री आमच्यापैकी एकीच्याही हातात रिमोट नसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी चारला परत दाखवतात ते आम्ही बघायचो. नियम एकच होता. रात्रीचं जिनं चोरून बघितलं असेल तिनं तोंड उघडायचं नाही. नियम मोडायची ती भाभी. तिला पोटात काही ठेवताच येत नसे.

मावशी पहिल्यांदा आली तेव्हा भाभीच्या सोफ्याशेजारी खाली फरशीवर बसली. भाभी म्हणाली, वर बसा. ती म्हणाली, बरी हाय हितंच. असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी भाभी स्वतः फरशीवर जाऊन बसली आणि म्हणाली, मलाही इथंच बरं आहे, माझे गुडघे गेले तर तुम्ही उचला. तेव्हा मावशी सोफ्यावर आली. डाव्या कोपऱ्यात. गेटपासून त्या कोपऱ्यापर्यंत यायला तिला किती वर्षं लागली हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर कळलं, कारण तो कोपरा जाईल ही एकच भीती तिला होती.

कार्यक्रम बघण्यात मावशीसारखी बाई मी बघितली नाही. आम्ही बघायचो म्हणजे निम्मं बघायचो, निम्मं बोलायचो, भाभी मधेच चहा ठेवायला उठायची. मावशी बघायची. हात मांडीवर ठेवून, पापणी न हलवता. जाहिराती लागल्या की तेवढं पाणी प्यायची. आणि एकदा बघितलेलं तिच्या डोक्यातून जात नसे. घरातल्या कोणी कोणाला काय म्हटलं, कोणत्या दिवशी म्हटलं, तेव्हा कोण कुठं उभं होतं, सगळं.

एकदा अंड्यांवरून त्या घरात भांडण झालं आणि त्यावरून आमच्यातही. मॅडम म्हणाल्या, अंडी पैलवानानं घेतली. मी म्हटलं, नटीनं. आम्ही त्यांना असंच ओळखायचो, पैलवान, नटी, गाणारा पोरगा. मावशीनं आम्हाला पाचेक मिनिटं भांडू दिलं. मग म्हणाली, शुक्रवारी सहा अंडी होती. गाणाऱ्या पोरानं दोन उचलली आणि बोलला, मी माझी घेतली. नटी गॅसपाशी होती, तिनं बघितलं आणि गप राहिली. पैलवान भांडी घासत होता, त्याची पाठ होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं मोबाइलवर तो भाग शोधून काढला. जसंच्या तसं. “मी माझी घेतली” हे शब्दसुद्धा तेच. मॅडमनी हात जोडले. त्यानंतर आमच्यात काही वाद झाला की मावशीला विचारायचं आणि ती सांगेल ते शेवटचं.

ती नुसतं सांगत नसे, त्या माणसासारखं बोलून दाखवायची. नटीचं नाकातलं बोलणं, पैलवानाचं एकेक शब्द तोलून टाकणं. भाभी हसून हसून खोकायची. आणि मावशीला कोण खोटं बोलतंय ते आधी कळायचं. मी विचारलं, कसं कळतं. ती म्हणाली, तोंडाकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं. मी नंतर बघितलं. खरं होतं. खोटं बोलताना माणसाचा खांदा थोडा वर जातो. मी चौथीपर्यंत शिकले आणि मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

आता वाचण्याची गोष्ट. त्या कार्यक्रमात दर आठवड्याला एकाला कॅप्टन करतात. कामाचा कागद येतो, तो कॅप्टननं सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचा. त्या आठवड्यात पैलवान कॅप्टन झाला. कागद आला. तो उभा राहिला आणि वाचेना. एक शब्द वाचायचा, थांबायचा, पुढचा जुळवायचा. घाम फुटला त्याला. नटीनं त्याच्या हातातून कागद काढून घेतला, भराभरा वाचून टाकला, आणि बाकीचे हसले.

जाहिरात लागली आणि आमची सुरुवात झाली. मॅडम म्हणाल्या, एवढं मोठं शरीर आणि चार ओळी वाचता येईनात, असला कॅप्टन काय कामाचा. त्या नेहमी मुद्दे पाडून बोलत. मुद्दा पहिला, तो शाळेत गेला असणार. मुद्दा दुसरा, गेला तर शिकला का नाही. भाभी म्हणाली, मला उर्दू सरसर येते, पण मराठी पाटी वाचताना माझीही गाडी अडखळते, मग मीही बिनकामाची का. मॅडम म्हणाल्या, तुमचं वेगळं. भाभी म्हणाली, वेगळं कसं, अडखळणं ते अडखळणंच. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, मॅडम, आता कोण वाचतं, सगळे ऐकतात नाहीतर बघतात. तिच्या ऑफिसातली पोरं म्हणे दोन ओळींच्या वर मेसेज असला तर वाचत नाहीत. मॅडमना ते पटलं नाही. त्यांनी तिला झाडलं.

मग मी बोलले. मी जे बोलले ते मला आठवतं, कारण नंतर ते मला परत ऐकावं लागलं. मी म्हटलं, “मला वाचायला वेळ लागतो, पण वाचता येतं. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या हातात असतो.”

मावशी माझ्या शेजारी होती. ती टीव्हीकडे बघत म्हणाली, “त्याची घाई केली.”

“कोणी?”

“समद्यांनी. आनी तो खोटा नाय बोलला. चश्मा इसरलू असा बोलला असता तं सुटला असता.”

आम्ही तो विषय तिथंच सोडला. आज मला वाटतं, त्या वाक्यात तिनं सगळं सांगून टाकलं होतं. आमच्या चौघींत एकीलाही ऐकू आलं नाही.

शेवटचे दोन आठवडे आले की त्या कार्यक्रमात घरून पत्रं येतात. बायकोचं, आईचं, भावाचं. ज्याचं त्यानं सगळ्यांसमोर वाचायचं, आणि वाचताना सगळे रडतात. मला त्यात काही विशेष वाटत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या डोक्यात आलं की आपणही असंच करू. चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव येईल तिला पत्र लिहायचं, आणि शनिवारी भाभीकडे जिचं तिनं मोठ्यानं वाचायचं. मॅडमना कल्पना एकदम आवडली, कारण त्यांचं अक्षर चांगलं. मला आवडली नाही, पण मी नाही म्हटलं नाही.

मावशी नाही म्हणाली. शनिवारी लेकीकडे जायचंय. मग म्हणाली, पाहुणे आहेत. मग म्हणाली, दाढ दुखते. मुलगी म्हणाली, मावशी, तुम्ही नाही आलात तर आम्ही टीव्ही उचलून बोनकोड्याला आणू. सगळ्या हसल्या. मावशीही हसली आणि हो म्हणाली. आम्ही तिला असं घेरून आणलं.

मुलीनं चिठ्ठ्या उघडून सांगितलं, मावशीला माझं नाव आलं आणि मॅडमना मावशीचं.

शनिवारी आधी भाभीनं तिचं वाचलं, मग मुलीनं. मग माझी पाळी. मावशीचं पत्र. वहीचा रेघी कागद, अक्षर गोल आणि सुबक, वर तारीख, शाळेत शिकवतात तसा मायना. मी म्हटलं, हे नातीचं अक्षर. मावशी म्हणाली, माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, तुला लागलं नसतं. खरं वाटण्यासारखं होतं. मी ओळीखाली बोट धरून वाचलं. मला तसंच वाचता येतं. त्यात लिहिलं होतं की मी तोंडाची फटकळ आहे. टोपली डोक्यावरून उतरवायला बाकीच्या वास येतो म्हणून लांब उभ्या राहायच्या, मी हात लावायचे. माझा नवरा गेला तेव्हा मी रडले नाही, ते तिला बरं वाटलं, कारण तिचा गेला तेव्हा तीही रडली नव्हती आणि गावात तिला नावं ठेवली होती. मी वाचून कागद खाली ठेवला. इतकं सरळ पत्र मला कधी कोणी लिहिलं नव्हतं. भाभी नाक पुसत होती.

मग मावशीची पाळी. मॅडमनी पाकिटातून पत्र काढून तिला दिलं. पाकीट उघडायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं, वय झालं. मावशी म्हणाली, चष्मा घरी राहिला, कोणीतरी वाचा. मुलगी म्हणाली, तसं नाही चालणार, जिचं तिनं. आणि मी माझा चष्मा काढला, पुढं झाले आणि तिच्या नाकावर बसवला. काड्या कानांमागं सारल्या. म्हटलं, घे, तुझा माझा नंबर एकच असेल.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे. आणि वाचायला लागली.

काय वाचलं म्हणून सांगू. मॅडमच्या आवाजात, मॅडमच्या मुद्द्यांसकट. मावशी, मुद्दा पहिला, तुम्ही चहात साखर जास्त घेता. मुद्दा दुसरा, तुमची स्मरणशक्ती बँकेला हवी होती. मुद्दा तिसरा, पैलवानाची बाजू घेणं सोडा. आम्ही हसत होतो. तिचे डोळे कागदावर ओळीनं डावीकडून उजवीकडे जात होते, मधे पानाच्या शेवटी आल्यासारखी ती थांबत होती. मी समोर बसून बघत होते आणि मला संशय आला नाही. चौथी पास बाईला नाही, बँकेतल्या बाईलाही नाही. मॅडमना एवढंच कळलं की हे त्यांचं पत्र नाही. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता, आणि आम्ही हसत होतो.

पुढचं वर लिहिलंच आहे.

ती गेल्यावर मॅडम रडल्या. मला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं कळत नाही, म्हणून मी कप उचलून धुवायला नेले. भाभीनं विचारलं, पत्रात काय होतं. मॅडम म्हणाल्या, ते आता त्यांच्याकडे आहे. आणि मी त्यांना काय बोलले, देवा. त्या हे दोनतीनदा म्हणाल्या. मुलीनं मोबाइलवरचं शूटिंग आमच्यासमोर पुसून टाकलं.

रविवारी दुपारी चारला मावशी आली नाही. सोमवारी नाही. टीव्ही लागला, पण कोण काय म्हणालं हे सांगणारं कोणी नव्हतं. आम्ही तिघी-चौघी बघत बसलो आणि पंधरा मिनिटांत बंद केला. त्या दोन दिवसांत मी बसून आठवत होते. ग्रुपवर ती नेहमी बोलून पाठवायची, म्हणायची, टाइप करायचा कंटाळा येतो. आम्ही लिहिलेल्या मेसेजला तिचं उत्तर दुपारी एकनंतर यायचं. एकला तिची नात शाळेतून येते. गोळ्यांची पाकिटं ती रंगावरून सांगायची. सही मात्र करायची, मी बघितली होती. नातीनं गिरवून घेतलेली असणार. बावीस वर्षं ही बाई माझ्यासमोर हे सगळं करत होती, रोज, एकदाही न चुकता. तेवढं डोकं मला असतं तर मी काय काय केलं असतं. मला तिची दया आली नाही. मला तिचा धाक वाटला.

भाभी म्हणाली, जाऊन घेऊन येऊ. मी म्हटलं, नको. एकदा घेरून आणलं तेवढं पुरे.

मंगळवारी सकाळी दहाला ती माझ्याकडे आली. भाभीकडे नाही, माझ्याकडे. मी तांदूळ निवडत होते. ती समोर खुर्चीवर बसली, कमरेचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

“वाच,” म्हणाली. “एकदाच वाच. सावकाश.”

मी ताट बाजूला केलं आणि चष्मा लावला. मॅडमचं अक्षर जोडून जोडून असतं, मला वेळ लागला. मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती, कार्यक्रम बघते तशी. मी वाचत गेले आणि मलाच पुढं जाववेना. मधे मी थांबले. ती म्हणाली, थांबू नको. मी संपवलं.

मी विचारलं, परत वाचू का. ती म्हणाली, नको.

मग म्हणाली, “तू बोललीस तवा, वाचता नाय येत तो दुसऱ्याच्या हातात.”

“बोलले,” मी म्हटलं.

“खरा हाय. पन कोनाच्या हातात द्यायचा ते मी ठरवतंय. आज तुज्या हातात दिला.”

मी माफी मागायला हवी होती. मला ते जमत नाही. मी म्हटलं, चष्मा मी घातला तुला. ती म्हणाली, तुला काय माहीत. मी म्हटलं, शिकवू का तुला वाचायला, मला येतं तेवढं. तिनं डोकं हलवलं. म्हणाली, बावीस वरसांमागं विचारलं असतंस तर शिकले असते, तवा गरज होती. आता नात हाय आणि तू हायस. मी म्हटलं, मग आता काय करणार. ती म्हणाली, माझी पाळी अर्धी राहिली आहे.

चारला आम्ही बरोबर भाभीकडे गेलो. मॅडम तिथं होत्या. मावशीला बघून त्या उठायला गेल्या, गुडघा धरून परत बसल्या. मुलगी टीव्ही लावणार होती, मावशीनं तिला हातानं थांबवलं. डाव्या कोपऱ्यात बसली. पत्र काढलं, उघडलं नाही, घडीच मांडीवर ठेवून त्यावर तळहात ठेवला. आणि मॅडमकडे बघून बोलायला लागली. या वेळेला मॅडमचा आवाज काढला नाही, स्वतःच्याच आवाजात बोलली. पण शब्द मॅडमचे होते, तिच्या बोलीचा एक शब्द त्यात नव्हता.

“मावशी, दिवाळीनंतर मी पुण्याला मुलाकडे जाते आहे, कायमची. सोसायटीत अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला तोंडानं सांगता येत नाही, सांगायला गेले की माझा आवाज जातो. तुम्ही सगळ्यांसमोर हे वाचाल तेव्हा सगळ्यांना कळेल. तुम्ही सांगितलेली गोष्ट नीट सांगितली जाते. मला जायचं नाही. गुडघे ऐकत नाहीत म्हणून जावं लागतं आहे. तिकडे दुपारी चार वाजता माझ्या शेजारी कोणी नसेल.”

सकाळी मी एकदा वाचलेलं, अडखळत वाचलेलं, तिनं जसंच्या तसं सांगितलं. मी जिथं अडखळले होते तिथं ती अडखळली नाही.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, “आता वाचला. बरोबर हाय का, मॅडम?”

मॅडम म्हणाल्या, “बरोबर आहे. स्वल्पविरामासकट.”

भाभी तोंडावर ओढणी धरून रडत होती. मुलगी म्हणाली, मॅडम, फ्लॅट विकणार? मॅडमनी मान हलवली. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, पुण्यात कुठं, लिफ्ट आहे का, सून कशी आहे. मावशीच्या न वाचण्याबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही, आणि पुढंही नाही. बोलायचं ठरवून टाळलं असं नाही. मॅडमच्या जाण्याचाच विषय एवढा मोठा होता. मावशीनं तो मोठा करून आमच्यापुढं ठेवला होता, आणि त्याच्या आड तिची स्वतःची गोष्ट झाकली गेली. एवढं मला तिच्याकडून शिकता आलं असतं तर बरं झालं असतं. मी फटकळच राहिले.

साडेचारला मुलगी म्हणाली, लावू का. मावशी म्हणाली, लाव, दोन दिवसांचं कोण सांगतंय मला. आम्ही चौघींनी सांगायचा प्रयत्न केला आणि चौघींनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, तुमचा काय उपेग नाय.

शेवटच्या रविवारी पैलवान हरला. नटी जिंकली. भाभीला राग आला, तिनं टीव्हीला दोन शिव्या दिल्या. आम्हाला वाटलं, मावशीला वाईट वाटेल. ती म्हणाली, जिंकली ती बरोबर आहे, पैलवान शेवटी मऊ पडला होता, त्याचे खांदे बघितले नाहीत का तुम्ही.

दिवाळीनंतर मॅडम पुण्याला गेल्या. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा मावशी गेटपाशी उभी होती आणि कुठलं खोकं कशाचं आहे ते हमालांना सांगत होती, कारण मॅडमना आठवत नव्हतं. पुण्याहून मॅडमनी पहिला निरोप पाठवला तो लिहून नाही, बोलून. मावशीसाठी. तो सव्वा मिनिटाचा होता. मावशीनं तो आम्हाला ऐकवला नाही, सांगितला.

दोन वर्षांनी मॅडम तिकडेच वारल्या. भाभी मागच्या उन्हाळ्यात गेली, झोपेत. तिच्या मिस्टरांनी टीव्ही मुलाकडे दिला. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नवऱ्याच्या नोकरीमुळे बंगळूरला आहे. त्या शनिवारी भाभीच्या खोलीत आम्ही पाच जणी होतो. त्यांतल्या दोघी आज इथं आहोत, मावशी आणि मी.